अब्रू नक्की कुणाची?

मानासाठी मराठीत जितके शब्द आहेत तितके बहुधा भाकरीसाठीही नसतील. मान, अब्रू, इज्जत, पत, आब, लौकिक, प्रतिष्ठा. शिवाय नाक आहेच. मुलगा पहिला आला की ते वर होतं, मुलीनं आपल्या मनानं लग्न केलं की ते कापलं जातं, आणि मग घरच्यांना तोंड दाखवायला जागा उरत नाही. हे सगळे शब्द आपण दिवसातून चारदा वापरतो. पण त्यांचा अर्थ सांगा म्हटलं की आपली गाडी अडते.

मी ३१ वर्षं तालुक्याच्या गावात शाळेत इतिहास शिकवला. त्यामुळे शब्दांची मुळं उकरायची खोड लागली आहे, ती निवृत्तीनंतरही सुटत नाही. अब्रू हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला. आब म्हणजे पाणी, रू म्हणजे चेहरा. मोत्याला पाणी असतं, तलवारीला पाणी असतं, तसं माणसाच्या चेहऱ्यावरचं पाणी ते आबरू. गंमत बघा, या शब्दात मुळात ना बाई आहे, ना पुरुष. चेहरा तर दोघांनाही असतो. मग बाईच्या बाबतीत हे पाणी चेहऱ्यावरून खाली कधी आणि कसं उतरलं? बाईची अब्रू म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर तिचा चेहरा येतच नाही, येतं ते शरीर.

माझी आजी म्हणायची, बाईची अब्रू म्हणजे काचेचं भांडं. तडा गेला की गेला. पुरुषाच्या अब्रूबद्दल ती काही बोलत नसे, पण तिच्या वागण्यावरून मला वाटायचं की ती पितळेची असावी. चिंच लावून घासली की पुन्हा लखलखीत!

आजीचं सोडा, आपल्या रोजच्या पेपरात काय असतं? पहिल्या पानावर बातमी असते की अमुक पुढाऱ्यानं तमुक पुढाऱ्यावर इतक्या कोटींचा अब्रुनुकसानीचा दावा ठोकला. तो ताठ मानेनं कोर्टात जातो, फोटो काढू देतो. आतल्या पानावर दुसरी बातमी असते, 'महिलेची अब्रू लुटली'. ती मात्र पदरानं तोंड झाकून जाते. घरात चोरी झाली तर चोर तोंड लपवतो. इथे जिचं लुटलं तीच तोंड लपवते, आणि आपल्याला त्यात काही वावगं वाटत नाही. शब्द तोच, अब्रू. पण एकाची अब्रू कोर्टात पैशानं भरून मागता येते, आणि दुसरीची गेली की गावात राहणं कठीण.

कायद्याची भाषाही तशीच. इंग्रजांनी १८६० साली दंड विधान केलं, त्यात बाईच्या 'मॉडेस्टी'ला धक्का लावण्याचा गुन्हा होता. मराठीत त्याचा 'विनयभंग' झाला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, कलमांचे आकडे बदलले, ३५४चं ७४ झालं, पण तो शब्द तसाच राहिला. म्हणजे एसटीत कुणी बाईचा हात धरला तर कायद्याच्या भाषेत मोडतो तो तिचा विनय! ज्यानं हात धरला त्याचा विनय कुठं गेला होता, हे कोणतंही कलम विचारत नाही.

हे फक्त आपल्याकडेच आहे असं समजू नका. अरब टोळ्यांमध्ये राहून ज्यांनी अभ्यास केला, त्यांनी तिथल्या मानाचे दोन प्रकार नोंदवून ठेवलेत. एक 'शरफ'. आपल्या ओळखीचा 'शरीफ' हा शब्द त्याच घराण्यातला. हा मान शौर्यानं, पाहुणचारानं, दानानं वाढतो आणि वागणं बिघडलं की घटतो. दुसरा 'इर्द'. हा घरातल्या बायकांच्या शीलाशी जोडलेला असतो. तो कमावता येत नाही, फक्त गमावता येतो. म्हणजे बाईनं जन्मभर कितीही चांगलं वागावं, तिच्या खात्यात काही जमा होत नाही. झालीच तर वजाबाकी. आजीच्या काचेच्या भांड्याचं याहून नेमकं वर्णन मला कुठं सापडलेलं नाही.

अल्बानियाच्या उत्तरेकडच्या डोंगरांत तर याच्याही पुढची गोष्ट. तिथे दिलेल्या शब्दाला 'बेसा' म्हणतात आणि त्यापायी माणसं जीव देत. पण बेसा, बंदूक, घराचं कर्तेपण हे सगळं पुरुषांचं. घरात कर्ता पुरुष उरला नाही किंवा मुलीला ठरलेलं लग्न करायचं नसलं, तर तिला एक वाट मोकळी होती. तिनं गावासमोर जन्मभर कुमारी राहण्याची शपथ घ्यायची, केस कापायचे, पुरुषाचे कपडे घालायचे. मग ती पुरुषांच्या बैठकीत बसे, तंबाखू ओढे आणि तिच्या शब्दाला वजन येई. अशा काही बायका अगदी एकविसाव्या शतकातही हयात होत्या. बाईच्या शब्दाला मान हवा तर तिनं आधी बाईपण सोडावं, असा हा सौदा.

चिनी लोकांनी मात्र एक बारीक फरक केलाय, तो मला फार आवडतो. हू शिएन-चिन नावाच्या अभ्यासक बाईंनी १९४४ साली त्यावर एक लेख लिहिला, तो आजही अभ्यासक वाचतात. चिनी भाषेत 'तोंड' या अर्थाचे मानाचे दोन शब्द. 'मिआनझ' म्हणजे लोकांनी दिलेला मान: पद, पैसा, थाटाचं लग्न, चार लोकांतली ऊठबस. आणि 'लिआन' म्हणजे माणसाच्या सचोटीवरचा विश्वास. लिआन गरिबातल्या गरिबालाही असतं, आणि ते जातं ते तुमच्या स्वतःच्या वाईट वागण्यानं.

हे वाचलं तेव्हा मला आमच्या बचत गटातली एक बाई आठवली. तिनं शेळ्यांसाठी कर्ज घेतलं आणि पावसाळ्यात रोग येऊन चारपैकी तीन शेळ्या मेल्या. आम्ही म्हटलं, दोन महिने हप्ता थांबव, गट सांभाळून घेईल. ती ऐकेना. लोकांच्या रानात खुरपायला गेली आणि हप्ता भरला. म्हणाली, "सही केली ती मी केली. शेळ्यांनी न्हाई केली." तिला चिनी भाषा येत नाही, पण लिआन म्हणजे काय हे तिला विचारावं. पुरुषाच्या तोंडी हेच वाक्य असतं तर आपण त्याला शब्दाचा पक्का म्हटलं असतं. तिला आम्ही 'हट्टी' म्हटलं.

आता मैत्रिणींनो, एक गोष्ट जरा सविस्तर सांगते.

इटलीच्या दक्षिणेला सिसिली नावाचं बेट आहे. तिथल्या आल्कामो गावात फ्रांका व्हिओला नावाची शेतकऱ्याची मुलगी होती. पंधराव्या वर्षी तिचं लग्न फिलिप्पो मेलोदिया नावाच्या तरुणाशी ठरलं. मुलगा पैसेवाला, नातेवाईक माफियातले. पुढे तो चोरीच्या प्रकरणात पकडला गेला आणि फ्रांकाच्या वडिलांनी सोयरीक मोडली. इथून छळ सुरू झाला. त्यांचा द्राक्षमळा जाळला, धमक्या आल्या. वडील बधेनात. २६ डिसेंबर १९६५ला, म्हणजे नाताळच्या दुसऱ्या दिवशी, मेलोदिया हत्यारबंद साथीदार घेऊन घरात घुसला आणि सतरा वर्षांच्या फ्रांकाला उचलून नेलं. आठ वर्षांचा धाकटा भाऊ तिला सोडेना, म्हणून त्यालाही नेलं. त्याला लवकर सोडून दिलं. तिला आठ दिवस कोंडून ठेवलं, तिच्यावर बलात्कार केला.

मेलोदियाला कसलीच भीती नव्हती, कारण कायदा त्याच्या बाजूनं होता. इटलीच्या १९३०च्या दंडसंहितेत ५४४ नंबरचं कलम होतं. बलात्कार करणाऱ्यानं त्या मुलीशी लग्न केलं की गुन्हा पुसला जायचा. अशा लग्नाला त्यांच्या भाषेत 'दुरुस्तीचं लग्न' म्हणत. दुरुस्ती कशाची? मोडलेल्या अब्रूची! गावोगाव हेच चाले. आधी उचलून न्यायचं, मग दोन्हीकडची वडीलधारी माणसं बसवून समेट करायचा, मग चर्चमध्ये लग्न. आवडीनं पळून गेलेली जोडपीही याच वाटेनं घरी परत येत, त्यामुळे कोण राजीखुशीनं गेली आणि कुणाला ओढून नेलं हे बाहेर कुणी विचारतही नसे.

व्हिओलांच्या घरीही समेटाचा निरोप आला. वडिलांनी होकार दिल्याचं नाटक केलं, आतून पोलिसांशी संधान बांधलं आणि जानेवारी १९६६च्या सुरुवातीला पोलिसांनी मुलीला सोडवलं. तिला मेलोदियाशी लग्न करायचं नव्हतं. वडिलांनी तिला काय सांगितलं ते तिनं फार वर्षांनी एका मुलाखतीत सांगितलं. त्याचा आशय असा, की तू एक हात पुढे कर, मी शंभर हात लावतो.

खटला डिसेंबर १९६६मध्ये त्रापानीच्या कोर्टात चालला. आरोपीच्या वकिलांनी नेहमीचाच मुद्दा मांडला, मुलगी स्वतःच्या मर्जीनं गेली होती. ती डगमगली नाही. मान जातो तो असली कृत्यं करणाऱ्याचा, ती सोसणारीचा नाही, असं तिचं म्हणणं होतं. मेलोदियाला ११ वर्षांची शिक्षा झाली, पुढे अपिलात ती थोडी कमी झाली.

गाव म्हणत होतं, आता हिला कोण करणार? १९६८च्या डिसेंबरात तिचं लग्न झालं, गावातल्याच जुझेप्पे रुइसीशी. तो तिला आधीपासून ओळखत होता. तुझ्याही जिवाला धोका होईल म्हणून तीच त्याला परतवून लावत होती, तो ऐकला नाही. इटलीच्या राष्ट्राध्यक्षांनी लग्नात आहेर पाठवला. पुढे ती त्याच गावात राहिली. मला या सगळ्यात हे फार मोठं वाटतं. ती मिलानला किंवा अमेरिकेला निघून गेली नाही. ज्या गावात लोक कुजबुजत होते त्याच गावात तिनं पुढे संसार केला.

कायदा बदलायला मात्र वेळ लागला. ५४४ कलम रद्द झालं ते १९८१ साली. अनैतिक संबंधाच्या रागात बायकोचा, मुलीचा किंवा बहिणीचा खून करणाऱ्याला अब्रूच्या नावाखाली शिक्षेत जी सूट मिळायची, तीही त्याच वर्षी गेली. आणि बलात्कार हा सार्वजनिक नीतीविरुद्धचा नसून व्यक्तीविरुद्धचा गुन्हा आहे, हे इटलीच्या कायद्यात यायला १९९६ उजाडलं. म्हणजे इतकी वर्षं दुखावली जात होती ती नीती. मुलगी नाही.

ही गोष्ट मी दोन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतल्या एका आईला सांगितली, ती रात्री साडेनऊला, मागच्या दारात उभी राहून. ती घाईघाईनं आली होती. तिची मुलगी बारावीला. कुणीतरी मुलीचा चेहरा दुसऱ्याच कुठल्यातरी घाणेरड्या फोटोवर चिकटवून मोबाइलवर फिरवला होता. अर्ध्या कॉलेजनं पाहिला, मग गल्लीनं.

"बाई, आमची अब्रू गेली," ती म्हणाली. "ह्यांनी उद्यापासनं तिचं कॉलेज बंद केलंय. मिरजेच्या स्थळाला फोनसुद्धा लावला."

मी विचारलं, "पोरीनं काय केलं?"

"तिनं काय करायचंय? तिला बिचारीला ठाऊकच नव्हतं."

"मग अब्रू तुमची कशी गेली?"

ती गप्प राहिली. मला भाषण द्यायचं नव्हतं, भाषणांनी अशा वेळी काही होत नाही. म्हणून मी फ्रांकाची गोष्ट सांगितली. ती ऐकत होती की नाही कळेना. मळा जाळल्याचं सांगितल्यावर मात्र तिनं मान वर केली. त्यांची पिठाची गिरणी आहे. म्हणाली, "आमचं काय जाळणार? गिरणी? सिमेंटच्या पत्र्याची हाय ती, जळायची न्हाई." आणि हसली. त्या रात्रीचं ते पहिलं हसणं.

दुसऱ्या दिवशी आम्ही पोलीस ठाण्यात गेलो, ती, मुलगी आणि मी. मुलीचे वडील मागून आले, पण आत आले नाहीत. बाहेर मोटारसायकलजवळ उभे राहिले. गिरणीत रोज शंभर माणसं येतात, सगळी हेच बोलणार, याचा त्यांना घोर लागला होता. आतल्या साहेबांनी आधी मिटवामिटवीचा सूर लावला. मुलगा कोवळा असेल, त्याच्या आयुष्याचं नुकसान होईल, तुमच्याही मुलीचं नाव होईल. आई म्हणाली, "साहेब, फोटू टाकताना त्यानं आमाला विचारलं व्हतं का?" तेवढ्यात तिथली महिला पोलीस पुढं झाली. मुलगी १८ वर्षांच्या आतली असल्यानं पोक्सो लागतो आणि तिचं नाव कुठंही छापता येत नाही, हे तिनंच समजावून सांगितलं. तक्रार लिहून घेतली गेली. पोरगा निघाला तिच्याच क्लासमधला. (अशी वेळ कुणावर आली तर ११२ नंबर आहे, मुलांसाठी १०९८ आहे, महिलांसाठी १८१ आहे. तक्रार आपल्याच हद्दीतल्या ठाण्यात द्यावी लागते असंही नाही, कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते.)

लोक बोलले का? बोलले. चार-सहा घरांनी दळण दुसऱ्या गिरणीत न्यायला सुरुवात केली. दिवाळीच्या सुमारास त्यातली बरीचशी परत आली. विचार बदलला म्हणून नव्हे, तिकडं पीठ जाड दळतात म्हणून! केस अजून कोर्टात आहे. मुलगी सांगलीला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात आहे. मिरजेच्या त्या मुलाचं लग्न झालं, असं ऐकते.

मिटवून घ्या म्हणणाऱ्या त्या साहेबांवर मी फार रागावले नाही, कारण हा सूर त्यांच्यापाशी सुरू होत नाही. जुलै २०२०मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयानं विनयभंगाच्या एका आरोपीला जामीन देताना अट घातली होती, की त्यानं तक्रारदार बाईच्या घरी जाऊन तिच्याकडून राखी बांधून घ्यावी. ओवाळणीची रक्कमही ठरवून दिली होती. सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०२१मध्ये ती अट रद्द केली आणि सगळ्या न्यायालयांना बजावलं, की अशा प्रकरणांत लग्न, समेट किंवा तडजोड सुचवू नका. सिसिलीत नवरा करून दुरुस्ती, इथे भाऊ करून. नातं कोणतंही जोडा, पण बाईचा अपमान झाला हे एवढंच मान्य करू नका.

आपल्याकडे 'माझा मान मी ठरवणार' असं कोर्टात उभं राहून सांगणारी बाई फ्रांकाच्या जवळजवळ ८० वर्षं आधी होऊन गेली. रखमाबाई. अकराव्या वर्षी लग्न झालेलं. मोठी झाल्यावर नवऱ्याकडे नांदायला जायला तिनं नकार दिला. दादाजी भिकाजींनी १८८४ साली मुंबईत दावा लावला. मार्च १८८७मध्ये कोर्टानं सांगितलं, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईचं उत्तर होतं, तुरुंग चालेल. आज आपल्याला तिचं कौतुक वाटतं, पण तेव्हा घरंदाज बाईनं तुरुंगाचं नाव काढणं हीच बेअब्रू होती. केसरीसारख्या पत्रांनी तिच्यावर टीकेची झोड उठवली. शेवटी १८८८मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. ती विलायतेला गेली, डॉक्टर होऊन आली आणि सुरत, राजकोटला पुढची कितीतरी वर्षं बायकांची बाळंतपणं केली. १९५५ साली वारली.

तिच्या चरित्रातली एक गोष्ट मात्र मला कोड्यात टाकते. ज्या नवऱ्याकडे नांदायचं नाही म्हणून ती तुरुंगात जायला तयार झाली, तो १९०४ साली गेल्यावर तिनं विधवेचं पांढरं लुगडं नेसायला सुरुवात केली. का? कुणी म्हणेल, एकट्या डॉक्टर बाईला त्या वेषानं संरक्षण मिळत असेल. कुणी म्हणेल, संस्कार सुटत नाहीत. मला वाटतं, सगळ्या राज्याच्या कायद्याशी भांडणं एकवेळ सोपं, शेजारणीच्या नजरेशी भांडणं अवघड.

कारण अब्रूसारखाच आपल्याकडे 'मान' आहे. हळदीकुंकवाचा मान, ओटीचा मान, लग्नात मुहूर्ताची हळद दळायचा मान. नवरा आहे तोवर तो मान, नवरा गेला की मान गेला. बाईनं काय केलं? काहीच नाही. नवऱ्याला अटॅक आला किंवा एसटीनं उडवलं, एवढंच. तरी दहाव्याला तिच्या बांगड्या फुटतात, कुंकू पुसलं जातं, आणि ते करायला पुढे असतात त्या बायकाच. त्यातल्या कितीजणी दुष्ट असतात? फारशा नाहीत. चार घरं जे करतात ते आपण केलं नाही तर आपलंच नाक कापलं जाईल, हे भय असतं.

हे भय एकटीनं जात नाही, असं इतिहास सांगतो. चीनमध्ये सुमारे हजार वर्षं मुलींचे पाय बांधायची रीत होती. पाच-सहा वर्षांच्या पोरीची पायाची बोटं खाली दुमडून पट्ट्यांनी आवळायची, हाडं मोडेपर्यंत. आया हे प्रेमापोटी करत, कारण मोठ्या पायाच्या मुलीला चांगलं घर मिळत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथे मंडळं निघाली. त्यांच्या सभासदांची शपथ दुहेरी होती: माझ्या मुलीचे पाय बांधणार नाही, आणि माझ्या मुलासाठी पाय बांधलेली सून आणणार नाही. हा दुसरा भाग फार शहाणपणाचा. मुलीच्या आईला एकदम शंभर सासरं मोकळी झाली. १९०२मध्ये राजमातेनं फर्मान काढलं, १९१२मध्ये प्रजासत्ताकानं बंदी घातली, आणि हजार वर्षांची रीत बघता बघता ओसरली. जे पाऊल घराण्याची शान होतं, त्याचीच नातवंडांना लाज वाटू लागली.

आपल्याकडे कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं मे २०२२मध्ये तेच केलं. शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचं वर्ष होतं. ग्रामसभेनं ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं मंगळसूत्र काढणं, बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, जोडवी काढणं हे गावात बंद. त्याच महिन्यात सरकारनंही परिपत्रक काढून इतर गावांना तसं करायला सांगितलं. ठरावानं मनं लगेच बदलत नाहीत, हे मलाही कळतं. पण ज्या सुनेला 'नको' म्हणायचंय तिच्या हातात एक कागद तरी आला. 'मी नाही म्हणत, ग्रामपंचायत म्हणते,' असं सांगायची सोय झाली. अशा वेळी केवढा आधार असतो तो!

आमच्या गावात असा ठराव अजून झालेला नाही. पण यंदा संक्रांतीला मी माझ्या मोठ्या जावेला हळदीकुंकवाला बोलावलं. भाऊजी जाऊन सहा वर्षं झाली. त्या आल्या, पण स्वयंपाकघरात जाऊन तिळगुळाच्या पुड्या बांधत बसल्या. मी म्हटलं, "वहिनी, बाहेर या, कुंकू तुम्ही लावायचं." त्या म्हणाल्या, "मला लाव हवं तर, पण माझ्या हातनं नको. आज नव्या पोरी आहेत, त्यांच्या सासवा काय म्हणतील?" बाहेर दोघीतिघींची कुजबुज सुरू झालीच होती. एकीनं पर्स उचलली, दाराकडे बघितलं आणि पुन्हा ठेवली. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्यांची नवी सून, लग्नाला दोन महिने झालेली, सगळ्यांत पुढं बसली होती. ती सरळ आत गेली आणि जावेसमोर पाटावर बसून म्हणाली, "काकू, मला लावा."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मग करंडा घेतला. इतक्या वर्षांनी सवय मोडलेली, हळद जरा जास्तच लागली. "थांब गं," त्या म्हणाल्या, "डोळ्यात जाईल," आणि आपल्या पदरानं तिचं कपाळ टिपून पुन्हा नीट, गोल कुंकू लावलं. तिच्या मागं अजून दोघी उभ्या राहिल्या होत्या. पर्स उचललेली ती बाई मात्र जागची उठली नाही, पण गेलीही नाही.